आमच्या लेखणीचे घरभाडे

मिसळणाच्या डब्याला परक्याने हात लावू नये, हा नियम आमच्या घराण्यात पणजीच्याही आधीपासून चालत आलेला असावा. मधल्या वाटीत मोहरी असली तर ती मधल्याच वाटीत राहते. तिच्या उजव्या हाताला हळद, डाव्या हाताला जिरे, आणि हिंगाची डबी आपल्या उग्र स्वभावामुळे वेगळी राहणारी. फोडणीचे तेल तापले की बाई डब्याकडे बघत नाही. डोळे कढईकडे, तोंड शेजारणीशी, आणि हात आपला आपण मोहरीवर. उद्या एखादा गृहस्थ स्वयंपाकघरात शिरला आणि म्हणाला, "वहिनी, मी तुमच्या हालचालींचा शास्त्रीय अभ्यास केला. मोहरी माळ्यावर ठेवली आहे, हळद आता एका गोल चित्राखाली सापडेल, आणि मीठ लागलंच तर तुम्ही ते शोधू शकता," तर त्या गृहस्थाला चहासुद्धा न मिळता जिना उतरावा लागेल.

पण हाच गृहस्थ गेली वीस वर्षे आपल्या लिहिण्याच्या टेबलावर नेमका हाच उद्योग करतो आहे. आणि त्याला आपण चहाच काय, दरमहा पैसे देतो.

मी काही लेखक नव्हे. बँकेतून निवृत्त झालो आणि डोंबिवलीतल्या एका सहकारी गृहनिर्माण सोसायटीचा तहहयात चिटणीस झालो. तहहयात अशासाठी, की ते काम दुसरे कोणी घेत नाही. टाकी धुण्याची सूचना, थकबाकीदारांना स्मरणपत्र, चौथ्या मजल्याच्या गळतीबद्दल तिसऱ्या मजल्याची तक्रार आणि त्या तक्रारीच्या भाषेबद्दल चौथ्या मजल्याची प्रतितक्रार, एवढेच माझे वाङ्मय. पण टंकलेखन मात्र मी रीतसर शिकलो आहे. १९७४ साली ठाकूरद्वारच्या एका वर्गात 'ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे' हा मंत्र सहा महिने जपला. खाली बघायचे नाही, बघितले तर मास्तरांची पट्टी. करंगळीला 'ए' दाबायला लावणे म्हणजे घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाला दळण आणायला पाठवणे, असे तेव्हाही वाटे. पण शिकलो.

त्या कळांचा क्रम अमेरिकेत १८७० च्या दशकात ठरला. रेमिंग्टनने तो बाजारात आणला. गोदरेजने १९५५ साली पहिले भारतीय टंकयंत्र काढले. माझ्या वर्गातल्या इंग्रजी यंत्रांवर तोच क्रम होता, आणि आज माझ्या नातीच्या मोबाईलवर, काचेवर उमटणाऱ्या त्या भुताटकीच्या कळांतही तोच आहे. हा क्रम फार शहाणपणाचा आहे असे कोणी म्हणत नाही. पण तो कोणी हलवला नाही. म्हणून सहा महिन्यांच्या फीमध्ये घेतलेली विद्या मला पन्नास वर्षे पुरली. बोटांना जे कळते ती आमच्यासारख्या माणसाची ठेव असते हो! बँकेतली नव्हे, कारण ती वर्षाअखेर निदान थोडी वाढते.

संगणक आले तेव्हा शिकवणी वर्गांच्या पाट्यांवर चार दैवते असत: डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस. यांपैकी वर्डस्टार हे १९७८ सालचे. त्याला उंदीर नव्हता, चित्रे नव्हती, काही नव्हते. कंट्रोल दाबून 'के' आणि 'एस' म्हटले की मजकूर जतन. 'के-बी'ने उताऱ्याचा आरंभ, 'के-के'ने शेवट, आणि 'के-व्ही' म्हटले की तो उतारा उचलून पाहिजे तिथे. आमच्या शाखेत एक बाई होत्या. त्या सासूचे गाऱ्हाणे सांगता सांगता मुख्य कार्यालयाला चार पानी पत्र टंकून टाकत आणि एकातला शब्द दुसऱ्यात जात नसे. गाऱ्हाणे त्या पत्रापेक्षा जास्त मुद्देसूद असे, ही गोष्ट वेगळी.

हे वर्डस्टार मेले असे तुम्हाला वाटत असेल. जॉर्ज आर. आर. मार्टिन नावाचे अमेरिकन कादंबरीकार, ज्यांच्या राजे-राण्यांच्या कापाकापीवर जगभर गाजलेली मालिका निघाली, त्यांनी २०१४ साली दूरदर्शनवरच्या एका मुलाखतीत सांगितले की आपण अजून डॉसच्या यंत्रावर वर्डस्टार ४.० मध्येच लिहितो. का, तर आपण लहान अक्षर काढले की ते परस्पर मोठे करणारे शहाणे यंत्र त्यांना नको. त्यांच्या त्या मालिकेतला पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट वाचक अजून बघताहेत, असे माझा पुतण्या खवचटपणे सांगतो. पण त्यात वर्डस्टारचा काय दोष? ते आपले 'के-एस'ची वाट बघत बसले आहे. अमेरिकेतल्या वकिलांनीही वर्डपरफेक्ट असेच वर्षानुवर्षे धरून ठेवले. त्यात मजकुरामागच्या सगळ्या गुप्त खुणा, म्हणजे अक्षर कुठून ठळक झाले आणि कुठे थांबले, हे उघडून दाखवायची सोय होती. वकिलाला दुसऱ्याच्या मजकुरामागे काय आहे ते बघायला आवडणारच.

मग मायक्रोसॉफ्टचे वर्ड आले. म्हणजे निघाले होते १९८३ सालीच, विंडोजवर आले १९८९ साली, आणि आपल्याकडे घरोघर पोचेपर्यंत आणखी काही वर्षे गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. उलट, त्याच्या माथ्यावर नऊ शब्द असत, फाईलपासून हेल्पपर्यंत, आणि ते गावातल्या नऊ घरांसारखे होते. कोण कुठे राहते ते ठाऊक. टेबलाला पाहुणा आला तर टेबलाकडे पाठवायचा. १९९७ च्या आवृत्तीत डोळे वटारणारी एक कागदाची टाचणी आली. आपण 'महोदय' लिहिले की ती उगवून 'पत्र लिहिताय वाटतं?' असे विचारी. लोक इतके वैतागले की २००१ साली कंपनीने नव्या आवृत्तीच्या जाहिरातीतच त्या टाचणीची नोकरी गेल्याची थट्टा केली. आधी उपद्रव विकायचा आणि मग तो काढून टाकल्याबद्दल पुन्हा पैसे घ्यायचे, हा धंदा आमच्या गल्लीतल्या बँडवाल्यालाही सुचला नव्हता.

पण खरी उलथापालथ २००७ ची. ती नऊ घरे एका रात्रीत जमीनदोस्त झाली आणि त्या जागी एक रुंद फीत पसरली. तीवर शेकडो चित्रे. आणि सर्वांत कहर म्हणजे 'फाईल' हा शब्दच नाहीसा! त्याच्या जागी कोपऱ्यात एक गोल, चकचकीत, कपड्याच्या बटणासारखे काहीतरी बसवले होते. ती नुसती शोभा आहे असे समजून किती लोकांनी छपाईची आज्ञा शोधत संध्याकाळ केली असेल, त्याची गणती नाही. २०१० च्या आवृत्तीत 'फाईल' हा शब्द गुपचूप परत आला. 'चुकलो' असे काही ऐकू आले नाही. गावाचे नाव बदलून तीन वर्षांनी पुन्हा तेच ठेवावे आणि मधल्या काळात चुकलेल्या पत्रांबद्दल पोस्टमनलाच दोष द्यावा, त्यातली गत.

न्यायाने बोलायचे तर कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तीस वर्षे बँकेत काढल्यावर दोन्ही रकाने भरल्याशिवाय माणसाला झोप येत नाही. त्यांचे म्हणणे असे, की २००३ च्या वर्डमध्ये आज्ञा दीड हजारांच्या घरात गेल्या होत्या. लोक मागत ती सोय आधीच आत असे, पण सापडत नसे. हे मला पटते. माळा भरला की आवरावा लागतो. नवशिक्या पोरांना ती फीत सोपी गेली, हेही खरे. पण ज्यांना जुने पाठ होते त्यांना 'जुनी मांडणी राहू द्या' असे सांगायला त्या दीड हजारांत एकही आज्ञा ठेवली नाही, याला काय म्हणावे? पुढे दुसऱ्याच कंपन्यांनी जुनी नऊ नावे परत आणणारी जोडपुरवणी विकायला काढली, आणि लोकांनी ती पैसे देऊन घेतली. घरातून चोरीला गेलेली परात चोरबाजारात जाऊन विकत आणतात, तशी.

अक्षरांचेही तेच. मुकाट्याने टाइम्स न्यू रोमन देणारे यंत्र २००७ पासून कॅलिब्री देऊ लागले आणि २०२३ पासून ॲप्टोस. (यातून कधी कधी भलतेच निघते. २०१७ साली पाकिस्तानात पंतप्रधानांच्या मालमत्तेच्या चौकशीत २००६ ची तारीख असलेला एक कागद कॅलिब्रीत छापलेला निघाला, आणि हे वळण तर बाजारात २००७ ला आले, म्हणून चौकशी समितीने भुवया उंचावल्या. आपल्याकडचे सोसायट्यांचे कागद कोणी असे तपासत नाही, हे बरे आहे.)

माझा पुतण्या ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तो रविवारी जेवायला येतो आणि हा विषय निघाला की माझ्याकडे, जुन्या किल्ल्याकडे बघावे तसे, आदराने पण राहायला यायची इच्छा नसल्यासारखे बघतो.

"काका, सॉफ्टवेअर ही जिवंत वस्तू आहे," तो म्हणाला. "रोज नवे व्हायरस, नव्या चोरवाटा. त्या बुजवायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. एकदा डबा विकला की कंपनीनं आयुष्यभर फुकट राखण करायची का?"

"मुळीच नाही. छप्पर गळतं ते दुरुस्त करा, मी वर्गणी देतो. चिटणीस आहे मी, देखभालखर्च मला शिकवू नकोस. पण छप्पर दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना जिना उचलून गच्चीवर का ठेवतो?"

"नवीन लोकांना—"

"नवीन लोकांना जिना कुठेही चालतो रे. त्यांचे गुडघे शाबूत आहेत."

यावर सौ.नी "आधी जेवा, मग जिने चढा" म्हणून आमटी वाढली, आणि मुद्दा तसाच राहिला. तो इथे पुरा करतो.

पूर्वी आमच्या हातात एक हत्यार होते. ते म्हणजे 'नाही घेत जा!' नवी आवृत्ती आली, नाही आवडली, नाही घेतली. जुनी तबकडी कपाटात होती, तिच्यावर आपले चालू. २००३ च्या ऑफिसला कंपनीची अधिकृत राखण एप्रिल २०१४ पर्यंत होती, आणि फितीवर रुसलेली मंडळी तेवढी वर्षे बिनधास्त त्यात राहिली. म्हणजे या कंपन्यांचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी कंपनी नव्हतीच, तर त्यांचीच सात-आठ वर्षांपूर्वीची आवृत्ती होती, आणि ती आमच्या कपाटात होती. आमच्या रुसण्याला किंमत होती.

ते हत्यार काढून घेण्याचा उपाय म्हणजे भाडे. ॲडोबीने २०१३ साली आपल्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या विकायच्याच नाहीत, भाड्यानेच द्यायच्या असे जाहीर केले. मायक्रोसॉफ्टने ऑफिस ३६५ कचेऱ्यांसाठी २०११ ला आणि घरांसाठी २०१३ ला काढले. २०२० साली त्याचे नाव मायक्रोसॉफ्ट ३६५ झाले. (वर्षातून तीनशे पासष्ट दिवस भाडे, हे नावातच आहे. लीप वर्षाचा एक दिवस त्यांनी उदारपणे सोडला.) एकरकमी मिळणारी आवृत्ती अजून निघते, २०२४ ची आहे, नाही असे नाही. पण ती उपाहारगृहातल्या साध्या पाण्यासारखी. मागितली तर मिळते, आपणहून कोणी विचारत नाही. भाड्याच्या घरात मात्र आवृत्ती हा प्रकारच उरत नाही. रात्री झोपताना जे बटण डावीकडे होते ते सकाळी उजवीकडे. नाही म्हणायचे कुठे आणि कोणाला?

मी गिरगावात चाळीत वाढलो. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाडे ठरवायला १ सप्टेंबर १९४० ही तारीख धरली होती. आमचे घरमालक त्या तारखेचा उच्चार कुलक्षयाच्या तिथीसारखा करीत. बिचारे भाडे वाढवू शकत नसत, भाडेकरूला काढू शकत नसत, आणि गच्चीत वाळवण घालायचे तर तेही भाडेकरणीच्या पापडांची अनुज्ञा घेऊन. त्यांनी मृत्युशय्येवर पडल्या पडल्या ज्या घरमालकीची स्वप्ने पाहिली असतील, ती या कंपन्यांनी प्रत्यक्षात आणली आहे. भाडे पाहिजे तेव्हा वाढवा, भिंती पाहिजे तेव्हा हलवा, आणि भाडे थकले तर? तर तुम्हाला घराबाहेर काढत नाहीत. तुमचे लिखाण तुम्ही उघडून वाचू शकता, छापू शकता. पण त्यात काही लिहू शकत नाही! मायक्रोसॉफ्ट ३६५ चा हाच रिवाज आहे. स्वतःच्या घरात बसायचे, पण खुर्ची हलवायची नाही. एखाद्या म्हाताऱ्याला आपल्याच मृत्युपत्रात एक स्वल्पविराम घालायचा असेल तर आधी भाडे भरावे, मग मरावे.

यात हसण्यासारखे सगळेच आहे असे नाही. आम्हा मराठी माणसांना तर कुलूपबंद अक्षराचा अनुभव चांगला जुना. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचा फॉन्ट म्हणजे स्वतंत्र संस्थान होते. एकाचा 'क' दुसऱ्याच्या राज्यात गेला की तिथे टोपी घातलेले रोमन अक्षर होऊन बसे. कित्येक प्रोग्रॅमना संगणकाच्या पाठीत खोचायचे एक कुलूपही लागे; ते हरवले की तुमची मराठी हरवली. माझ्या थोरल्या भावाने १९९८ साली आईला समोर बसवून तिच्या आठवणी टंकून घेतल्या होत्या. तिचे कोकणातले माहेर, विहिरीवरचा रहाट, बेचाळीस साली भूमिगत झालेला मामा. साठएक पाने. आई गेली, पुढे भाऊही गेला. मागच्या वर्षी ती फाईल उघडली तर पडद्यावर टिंबे, टोप्या आणि उलटी प्रश्नचिन्हे. ते सॉफ्टवेअर आता चालत नाही, कुलूप कुठे आहे ते भावालाच ठाऊक. पुतण्याने कुठले तरी रूपांतर करणारे यंत्र लावून मजकूर काढला, पण सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या एकेक घर सरकलेल्या. आई जन्मात अशी अडखळून बोलली नव्हती. शेवटी ट्रंकेत भावाने छापून ठेवलेली एक प्रत सापडली, पिवळी पडलेली, पण पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत तिचीच. ती बघून मी आता पुन्हा पहिल्यापासून टंकतो आहे. रोज दोन पाने. आणि म्हणून ज्या घराची किल्ली दुसऱ्याकडे आहे, त्या घरात मी ती ठेवणार नाही.

भाडे वाढवण्याची तऱ्हाही बघून घ्या. २०२४ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात मायक्रोसॉफ्टने आपल्या घरगुती ग्राहकांच्या गळ्यात कोपायलट नावाचा एक लिहून देणारा यांत्रिक कारकून बांधला आणि भाडे वाढवले. ज्यांना कारकून नको त्यांच्यासाठी जुन्या भावाची जुनी योजना शिल्लक होती. पण ती दिसायची केव्हा, तर वैतागून वर्गणी रद्द करायला निघाल्यावर. ही गोष्ट सुमारे २७ लाख ग्राहकांपासून लपवून ठेवली, असा आरोप करून तिथल्या ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीवर दावा लावला, आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने ग्राहकांची माफी मागून पैसे परत द्यायची तयारी दाखवली. आमच्या सौ.ला मी ही बातमी वाचून दाखवली तर ती म्हणाली, "अहो, यात नवल काय? भाजीवालीकडे पाठ फिरवली की मेथीची जुडी स्वस्त होतेच." म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सरकारला जे कोर्टात जाऊन सांगावे लागले, ते डोंबिवलीच्या बाजारात फुकट शिकवतात.

कोणी म्हणेल, मग लोकांना नेमके हवे तरी काय? लोकांना आपापले हवे असते. आमचे निवृत्त मुख्याध्यापक शेजारी सगळी पत्रे एक्सेलमध्ये लिहितात, कारण चौकटी असल्या की भाषेला शिस्त लागते म्हणतात. सौ. पाककृती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवते. नातीचे सगळे गूगल डॉक्समध्ये. यातले कोणते श्रेष्ठ यावर मी वाद घालणार नाही. मी स्वतः आता लिब्रेऑफिसमध्ये असतो. ते २०१० पासून आहे, फुकट आहे, आणि त्यात जुनी नावांची मांडणीही आहे आणि फीतही. ज्याला जी हवी ती त्याने घ्यावी. एवढे साधे होते तर ते! दोष त्यातही आहेत. दुसरीकडचा कागद त्यात उघडला की तक्ता कधी कधी पाय पसरून पुढच्या पानावर जातो. पण त्याच्या भिंती माझ्या रुसण्याला अजून थोडी किंमत देतात. २०२४ साली जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याच्या सरकारने आपले सुमारे ३० हजार संगणक त्यावर न्यायचे ठरवले, तेव्हा मी एकटाच वेडा आहे असेही नाही.

आमच्या सोसायटीच्या हिशेबात 'कार्यालयीन सॉफ्टवेअर, वार्षिक भाडे' अशी एक रक्कम दरवर्षी पडत असे. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. नाव छापले तर तेही बिलात लावायचे. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ती रक्कम वगळण्याचा ठराव मांडला. सोसायटीचे दप्तर सोसायटीच्या मालकीच्या साधनाने लिहिले जावे, अशी त्याची भाषा होती. वाचून झाल्यावर नेहमीप्रमाणे कोणीतरी "यात चिटणीसांचा काय फायदा?" असे विचारले, नेहमीप्रमाणे मी नाही म्हणालो, आणि ठराव मताला टाकला. तो एकमताने मंजूर झाला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याने एकाच बाजूने हात वर केल्याची सोसायटीच्या दप्तरातली ही पहिलीच नोंद. गळतीचा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकलला.